दोन बोटं सोडून चालणारं कोळपं

मित्रांनो, चांदवडच्या डोंगराखाली आमचं माळरानाचं गाव आहे. तिथं बायडाबाईच्या गोठ्यात भिंतीला टांगलेलं एक काळपट लाकूड तुम्हाला दिसेल. ते सरपण समजून चुलीत घालू नका! ते लाकूड म्हणजे मी. मी कोळपं आहे. वय विचाराल तर नक्की सांगता येणार नाही, पण बायडाबाई या घरात नवी नवरी म्हणून आली त्याच वर्षी माझा जन्म झाला. तिचे केस आता पांढरे झाले आणि माझं लाकूड काळं झालं. बाकी आमच्या दोघांत फारसा बदल नाही. दोघंही कामाला वाघ आणि दोघंही थोडे तापट.

कोळपं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी निम्म्या जणांना ठाऊक नसेल. रागावत नाही. पिकाच्या दोन ओळींमधून बैलांच्या मागे मी चालतो. माझ्या पायाशी लोखंडाचं आडवं पातं असतं, त्याला पास म्हणतात. ही पास मातीखाली बोटभर खोल सरकते आणि तणाची मुळं कापत जाते. वरून बघाल तर माती नुसती भुरभुरीत झालेली दिसते, पण उन्हं चढली की सगळं तण माना टाकून पडलेलं असतं. मला धरायला जी उभी मूठ असते तिला रुमणं म्हणतात.

काळू सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. त्याच दिवशी, त्याच लाकडातून त्यानं एक तिफणही केली. तिफण म्हणजे पेरणीचं अवजार. ती जयरामच्या घरी गेली आणि मी शेजारी बहिरूच्या, म्हणजे बायडाबाईच्या नवऱ्याच्या, घरी आलो. दोन घरांत एक तिफण आणि एक कोळपं, असा करारच होता. काळूकडं मोजपट्टी नव्हती. तिफणीच्या दोन ओळींत त्यानं एक वीत आणि चार बोटं अंतर ठेवलं आणि माझी पास बरोबर एक वीत केली. म्हणजे तिफणीनं पेरलेल्या ओळींतून मी निघालो की दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं मोकळी राहतात. ती जागा पिकाची. तिथं मी जात नाही. इतका शिस्तीचा मी आहे, हे आपल्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमच्या शेतात बाजरी आणि तूर एकत्र पेरतात. तिफणीच्या तीन भोकांपैकी दोन भोकांतून बाजरी पडते. तिसऱ्या भोकात कापडाचा बोळा कोंबायचा आणि त्या ओळीत मागून चालत बाईनं एका पोकळ नळीतून तूर सोडायची. त्या नळीला मोघण म्हणतात. मोघण धरायचा मान बायडाबाईचा. आणि तूरही तिचीच. तिच्या माहेरची, कळवणकडची. लग्नात पदराच्या गाठीत बांधून आणलेली. दाणा बारीक आणि लालसर, शिजायला एकदम हलकी, आणि आमच्या मुरमाड जमिनीत कमी पाण्यावर तग धरणारी. तसलं बियाणं आता कुठल्याही दुकानात मिळत नाही.

पण एक गंमत सांगतो. शेतात एवढी तूर असूनही कोणी तिचं नाव घेत नसे. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारावं, "काय पेरलंय?" आणि बहिरूनं म्हणावं, "बाजरी." झालं. आमच्या गावात शेताला धान्याचंच नाव देतात. तूर, मूग, मटकी ही बायांची ओळ. ती मोजायची नाही, असा रिवाज. या रिवाजानं पुढं केवढा घोटाळा केला, ते ऐका.

बहिरू होता तोवर माझे दिवस राजासारखे गेले. जुलै महिन्यात माझ्याशिवाय त्याचं पान हलत नसे. पाऊस उघडला, जमीन ना ओली ना कोरडी अशी झाली की तो मूठभर माती दाबून बघायचा आणि म्हणायचा, "वाफसा आला. चल रे गड्या." बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायची, म्हणजे ते पिकाला तोंड लावत नाहीत, आणि आम्ही निघायचो. शेजारचे लोक बांधावर थांबून बघायचे. "बहिरूच्या कोळप्यानं एक रोप तुटत नाय," असं म्हणायचे. खरं तर तुटायची अधूनमधून, पण मी गप्प बसायचो.

मग बहिरू गेला. बैल विकले गेले. त्याचा मुलगा संतोष भाजीपाल्याचा पिकअप चालवायला लागला. मला गोठ्याच्या भिंतीला टांगलं, तो बारा वर्षं टांगलेलाच राहिलो. माझ्या पासेवर गंज चढला. एका कोंबडीनं माझ्या खांद्यावर बसायची सवय लावून घेतली. आणि सगळ्यांत झोंबलं ते असं, की संतोषनं औषध फवारायचा बॅटरीचा पंप आणला आणि तो टांगायला दुसरी खुंटी न शोधता माझ्याच रुमण्याला टांगला! ज्यानं माझं काम घेतलं, त्याचंच ओझं मी वाहायचं. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो. मी ते लपवत नाही.

आता या वर्षाची गोष्ट.

आदल्या दोन हंगामांत बायडाबाईची तूर बुडाली होती. एकदा अवकाळी पावसानं, एकदा शेंगेतल्या अळीनं. मडक्यात राखेत कालवून ठेवलेलं तीन शेर बियाणं तेवढं शिल्लक होतं आणि तेही तीन वर्षांचं जुनं. आणखी एक वर्ष ठेवलं असतं तर उगवलंच नसतं. म्हणून यंदा तिनं मडकं उपडं केलं आणि सगळंच्या सगळं पेरलं. मागे एक दाणा ठेवला नाही. पेरणीही तिनं ट्रॅक्टरनं करू दिली नाही. गावात बैलजोडी आता फक्त जयरामकडं उरली आहे. त्याची जोडी आणि माझी बहीण तिफण शेतात आली, आणि मोघण धरून बायडाबाई मागं चालली. मला भिंतीवरून फक्त तिफणीची लाकडं करकरताना ऐकू येत होती. मी मनातून निघालोच होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

तूर छान उगवली. पण तूर म्हणजे सुरुवातीला फार संथ. महिनाभर ती वीतभरही वाढत नाही. तणाला मात्र तेवढा वेळ भरपूर झाला. सलग आठ दिवस झड लागली आणि केना, माठ, चिघळ, लव्हाळा सगळे एकदम वर आले. बाजरीनं कशीबशी मान काढली, पण तुरीच्या ओळी कुठं आहेत ते शोधावं लागत होतं. निंदायला बाया मिळेनात. सगळ्या टोमॅटोच्या बांधणीला गेलेल्या. बायडाबाई एकटी खुरपं घेऊन बसायची. एक ओळ साफ करून मागं बघावं तर पहिल्या टोकाला पुन्हा हिरवं.

आईचे हाल संतोषला बघवले नाहीत. तो मनानं चांगला आहे, फक्त घाईत असतो. चांदवडला गेला, तणनाशक घेऊन आला, माझ्या खांद्यावरचा पंप काढला आणि संध्याकाळी दोन पंप मारूनही आला. "उरलेलं उद्या मारतो," म्हणाला आणि पहाटे पिकअप घेऊन नाशिकला गेला.

सकाळी त्याची बायको तेजस्विनी शेतात गेली आणि पळतच परत आली. तेजस्विनी पंचवटीत वाढलेली. तिच्या वडिलांचा तिथं भाजीचा गाळा आहे. लग्न होऊन या गावात तिला दोनच वर्षं झाली. शेतातलं तिला फार कळत नाही, पण डोळे तीक्ष्ण आहेत.

"आई, चला लवकर! तुरीला काहीतरी झालंय. शेंडे पिळल्यासारखे वाकडे झालेत."

बायडाबाई गेली आणि आली. येऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर मटकन बसली. तिच्या हातात तुरीचं एक रोप होतं, पिळवटलेलं. ती रडली नाही. नुसती त्या रोपाकडं बघत बसली. बारा वर्षांत मला माझ्या गंजाचा इतका राग आला नव्हता.

तेजस्विनीनं रिकामी बाटली शोधून काढली आणि तिच्यावरचा कागद मोठ्यानं वाचला. "रुंद पानांच्या तणांसाठी. आई, बाजरीचं पान अरुंद असतं म्हणून ती वाचली. तुरीचं पान रुंद आहे. या औषधाला तूर म्हणजे तणच!"

दुपारी संतोष आला. बायडाबाईनं शांतपणे विचारलं, "दुकानदारानं काय इचारलं रे तुला?"

"कोणतं पीक हे, त्ये इचारलं."

"मंग?"

"मी म्हनलो, बाजरी."

"आन् तूर?"

संतोषनं डोक्यावरची टोपी काढली. मग खाली बघत म्हणाला, "आई, तूर सांगायचं ध्यानातच आलं नाय. आपन शेताला बाजरीच म्हनतो ना."

मला वाटलं, आता बायडाबाईचा स्फोट होणार. पण ती एवढंच म्हणाली, "तुला काय बोल लावू? मी बी चाळीस वर्सं बाजरीच म्हनत आले."

एक पंचमांश शेत गेलं होतं. उरलेल्या चार हिश्श्यांतली तूर अजून जिवंत होती, पण तणाखाली गुदमरत होती. आणखी आठ दिवस गेले असते तर तीही पिवळी पडली असती आणि माहेरचं बियाणं कायमचं संपलं असतं. तेजस्विनीनं त्याच दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"दादा, बाजरी आणि तूर दोन्ही एकत्र आहेत. दोघांना चालेल असं काही आहे का?"

"अहो ताई, हे आधी सांगायचं ना! रुंद पानाचं मारलं तर तूर जाते आणि गवताचं मारलं तर बाजरी जाते, तीही गवताच्याच जातीची. आता उगवून आल्यावर काही फवारू नका. सरळ कोळपणी करा."

मित्रांनो, त्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण त्याचं भलं होवो! गोठ्यातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडं मान वळवली. बारा वर्षांनी. कोंबडीसुद्धा उठून बाजूला झाली.

"कोळपं हे," बायडाबाई म्हणाली. "पन धरनार कोन? जयरामभाऊचं तर डोळ्याचं आपरेशन झालंय."

तेवढ्यात जयराम आलाच. त्याला बातमी लागली होती. तो म्हणाला, "जोडी नेतो मी पुढं धरून. पन रुमन्यावर वाकायला डाक्टरनं मनाई केलीया. संतोष, तू धर."

"रविवारपर्यंत गाडी रिकामी नाय तात्या. बागायतदाराला शब्द दिलाय."

"रविवारी पाऊस सांगितलाय. वाफसा तीनच दिवस हाय."

तेजस्विनी म्हणाली, "मी धरते."

संतोष हसायला लागला आणि लगेच थांबला, कारण दुसरं कोणी हसत नव्हतं. आमच्या गावात बाईनं कोळपं धरल्याचं मी कधी पाहिलेलं नव्हतं. बाई मोघण धरणार, खुरपं धरणार, पण रुमणं पुरुषाचं. जयराम डोकं खाजवत म्हणाला, "सूनबाई, जमंल का?"

"तात्या, पंचवटीत मी बाबांची भाजीची हातगाडी गर्दीतून काढलीये, कोणाला धक्का न लावता. बैलांच्या मागं सरळ चालायचं तर आहे."

त्याच संध्याकाळी ती मला दुचाकीवर आडवं बांधून नवनाथ लोहाराकडं घेऊन गेली. नवनाथ आता गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ही पास तर माझ्या बापानं ठोकलेली हे!" मग त्यानं भाता नसला तरी मशीनवर माझा गंज उतरवला आणि मला अशी धार लावली, की मीच दचकलो. परतताना तेजस्विनीनं पासेवर वीत ठेवून पाहिली. तिची वीत जरा लहान, पण तिला हिशेब कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशा आणि मोऱ्या ही जोडी जुंपली. मुसकी बांधली. बांधावर पाच-सात माणसं जमली होती, तमाशा बघायला. आणि पहिल्याच ओळीत आमची फजिती झाली. तेजस्विनी घाबरून रुमण्यावर सगळा भार देऊन वाकली. मी मातीत खोल रुतलो, बैल अडले, मग हिसका बसला आणि मी वाकडा होऊन तुरीच्या ओळीत शिरलो. सात रोपं तुटली. बांधावर कोणीतरी खुदकन हसलं. तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायडाबाई मागून खुरपं घेऊन येत होती, ओळीत रोपांच्या अगदी जवळचं तण काढायला. तिनं ती सात रोपं उचलली, पदरात टाकली आणि म्हणाली, "रडू नको. तुझ्या सासऱ्यानं पयल्या दिवशी वीस तोडली व्हती. मी मोजली व्हती."

ही गोष्ट खरी होती, आणि ती ठाऊक असणारे आम्ही दोघंच उरलो होतो.

जयराम पुढून म्हणाला, "पोरी, रुमन्यावर झोपू नको. नुसता हात ठेव. बैलांकडं बघू नको, लोक काय करून राह्यले ते बी बघू नको. पासेकडं बघ. दोन्ही अंगाला दोन बोटं सोडायची, बाकीचं त्ये आपोआप करतंय."

"ते" म्हणजे मी! तिनं हात सैल केला. मी बरोबर बोटभर खोल बसलो. बैल हलके चालू लागले. आणि मग, मित्रांनो, ती खसखस सुरू झाली. मुळं कापली जातानाचा तो बारीक आवाज बारा वर्षांनी ऐकला आणि मला माझं वय विसरायला झालं. केना गेला, माठ गेला, चिघळ गेली. लव्हाळा जरा हट्टी, त्याची गाठ खाली राहते, पण तोही आडवा झाला. तिसऱ्या ओळीपर्यंत आमची चाल जमली. दहाव्या ओळीला बांधावरची माणसं उठून गेली, कारण हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघं तर परत आली आणि विचारू लागली, "वहिनी, आमच्यात कधी येताय?"

दुपारच्या उन्हात तणानं माना टाकल्या. आणि त्या भुरभुरीत मातीत तुरीच्या ओळी दिसू लागल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ. बायडाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिचा चेहरा मी कसा सांगू? तिला हरवलेलं माणूस सापडलं होतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटची ओळ झाली. रविवारी खरंच पाऊस आला, पण तोवर बाजी आमची झाली होती. पुढं वीस दिवसांनी दुसरी कोळपणी झाली. त्या वेळी जयरामनं माझ्या पासेच्या वर सुताची दोरी गुंडाळायला सांगितली. दोरीमुळं माती दोन्हीकडं सरकते आणि रोपांच्या बुडाशी जाऊन बसते. रोपांना आधार मिळतो आणि तिथलं बारकं तण मातीखाली दबून जातं. त्या दिवशी रुमणं संतोषच्या हातात होतं आणि शिकवायला तेजस्विनी. "अहो, झोपू नका त्याच्यावर!" ती ओरडत होती आणि बैलसुद्धा मान वळवून बघत होते. त्याची नऊ रोपं तुटली. तिनं मोजली.

सप्टेंबरात बाजरी कापली आणि मोकळी हवा मिळताच तूर अशी फोफावली की खंडेनवमीला ती तेजस्विनीच्या खांद्याला लागत होती. खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा करतात. बारा वर्षं मी भिंतीवरून पिकअपला आणि पंपाला हार घातलेले पाहत होतो. यंदा मला धुतलं, तेल लावलं आणि पाटावर सगळ्यांत पुढं ठेवलं. पंप माझ्या शेजारी होता. त्याच्यावर माझा राग नाही. चूक त्याची नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तिथं तूर आहे.

जानेवारीत तूर खळ्यावर आली. बायडाबाईचं मडकं भरलं, मग दुसरं भरलं, मग तेजस्विनीनं माहेरून डबे मागवले. ही बातमी गावभर झाली आणि बाया बियाणं मागायला आल्या. बायडाबाई गोठ्याच्या दारात सूप घेऊन बसली. बियाणं विकायचं नाही, ओंजळ-ओंजळ द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण अट एक होती. ओंजळ पुढं करणाऱ्या प्रत्येकीला ती विचारायची, "तुझ्या शेतात काय पेरशील?" आणि ती दोन्ही नावं सांगेपर्यंत सूप कलंडायचं नाही.

"बाजरी," शकुबाई सवयीनं म्हणाली.

"आन्?"

"बाजरी आन् तूर, बाई! दे आता."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत शेवटी संतोष आला. बियाणं त्याच्याच घरचं, पण तो रांगेत उभा राहिला होता. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ आईपुढं धरली.

बायडाबाईनं वर पाहिलं. "तुझ्या शेतात काय पेरशील?"

"तूर," संतोष म्हणाला. "आन् तिच्यासंगं बाजरी."

तिनं त्याची ओंजळ इतकी भरली की दाणे खाली सांडले, आणि ती कोंबडी धावत आली.

मित्रांनो, मी फार मागत नाही. वर्षातून एकदा तेल द्या, पावसात टाकू नका, आणि माझ्यासारखं कोणी तुमच्या घरी भिंतीला लटकत असेल तर एकदा खाली काढून बघा. आणि कोणी विचारलं, "शेतात काय आहे?" तर तिथं जे जे वाढत असेल त्या सगळ्यांची नावं घ्या. नाव घेतलं की माणूस जपून चालतो. मी तर आयुष्यभर दोन बोटं सोडूनच चालत आलो आहे.

बियाणं वाटलं त्या संध्याकाळी संतोषनं भिंतीत एक नवी खुंटी ठोकली आणि पंप तिच्यावर टांगला. आता माझा खांदा मोकळा आहे. येत्या जुलैला वाफसा आला की मी तयार आहे.